इमानाच्या शेपटीवरचा एक

हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. बाबांना तर नाहीच — ते गेले त्या दिवशीही त्यांच्या उशाशी बसून मी दुसरंच काहीतरी बडबडत होतो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुमची-माझी ओळख नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला सांगितलं की तो लगेच समजूत घालायला लागतो, आणि मला समजूत नको आहे.

नाना आमच्या गावचा, शहापूरकडच्या शेणव्याच्या पुढच्या. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचो, मनात कायम अरे-तुरे. इथेही अरे-तुरेच करतो. निदान तेवढं तरी खरं असू दे.

तो विमानदलात फिटर होता. विमान उडवणारा नव्हे — विमानाच्या पोटाखाली उताणा पडून नट आवळणारा. एकाहत्तरच्या लढाईत त्याच्या हाताखाली एक छोटं लढाऊ विमान होतं, नॅट जातीचं, आणि त्या एका विमानाच्या जोरावर तो पुढची तीस वर्षं गावात ताठ चालला. आमच्याकडची जुनी माणसं विमानाला इमान म्हणतात. लग्नात, मयताला, पारावर, कुठेही चार माणसं जमली की ‘नानाचं इमान’ निघायचंच. चेष्टेनं नव्हे हं, मानानं. शाळेत झेंड्याला सलामी द्यायला पहिला मान नानाचा.

आणि माझे बाबा त्याच शाळेत शिपाई.

मी सातवीत होतो. सव्वीस जानेवारीला बाबांनी झेंडा बांधला, गुरुजींनी दोरी ओढली, फुलं पडली — आणि हिरवा वर, केशरी खाली. उलटा. सगळी शाळा रांगेत उभी. क्षणभर कोणाला काही कळलंच नाही. नानाला कळलं. तो कवायतीसारखी पावलं टाकत गेला आणि त्यानं बाबांच्या थोबाडीत मारली. केवढा आवाज झाला! माझ्या बाजूचा पोरगा फिसकन हसला, मग गप्प झाला, कारण मी कोण ते त्याला आठवलं.

चूक बाबांचीच होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण सगळ्या शाळेपुढे? पोटच्या पोराच्या देखत? बाबांनी झेंडा उतरवला, सुलटा बांधला, पुन्हा चढवला. रात्री जेवताना म्हणाले, “नाना बराबर हाय. झेंडा हाय तो, पंचा नाय.” आणि दुसऱ्या दिवसापासून ते नानाला आधीपेक्षा वाकून रामराम घालायला लागले. त्या रामरामाचा मला त्या थपडेपेक्षा जास्त संताप यायचा. बाबा विसरले. मी नाही विसरलो. बारा वर्षं मी तो आवाज जपून ठेवला.

पुढे मी पेंटर झालो. शहापूरला स्टँडजवळ पत्र्याची टपरी टाकली. दुकानांचे बोर्ड, लग्नाचे बॅनर, टेम्पो-ट्रॅक्टरच्या नंबरप्लेटा. फ्लेक्स अजून आले नव्हते, त्यामुळे हाताला काम होतं.

आणि नाना — नाना म्हातारपणी ते विमान बनवायला बसला. शिवणीचं लाकूड घेतलं, कारण ते हलकं आणि नंतर वाकत नाही. खऱ्याच्या दहाव्या हिश्शाचं, नाकापासून शेपटीपर्यंत तीन फूट. चार वर्षं तो अंगणात पटाशी आणि पॉलिश पेपर घेऊन बसलेला मी येता-जाता पाहत होतो. पायलटच्या डोक्यावरची काच त्यानं प्लॅस्टिकच्या बाटलीची केली, गरम पाण्यात मऊ करून लाकडाच्या साच्यावर ओढली. चाकं जुन्या स्लिपरच्या रबराची. मापं कुठून आणली म्हणाल, तर फोटो एकच होता, तोही धुरकट. मापं माझ्या हातात आहेत, असं म्हणायचा. शाळेनं ठरवलं होतं की वर्धापनदिनाला ते विमान काचेच्या कपाटात ठेवायचं. आणि नेमका रंगाच्या वेळी त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला. समोरचा माणूस दिसायचा, बारीक काही दिसायचं नाही.

म्हणून तो माझ्या टपरीत आला. मुरबाडला माझ्यापेक्षा चांगले पेंटर होते. मग माझ्याकडेच का? आपल्या शिपायाचा पोर म्हणून. तसं तो बोलूनही दाखवायचा, प्रेमानं.

मी काम घेतलं, आणि मन लावून केलं. हे सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी पहिल्यापासून हातचं राखून होतो. सांध्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वाळल्यावर घासली, पुन्हा भरली. आधी अख्खं विमान चंदेरी रंगवलं, मग त्यावर हिरवा आणि मातकट. खालचा चंदेरी कशाला, तो दिसणार थोडाच? नाना ऐकेना. लढाई तोंडावर आली तेव्हा चंदेरी विमानांवर आम्हीच घाईघाईनं ब्रशनं रंग मारला होता, म्हणाला. आत चंदेरी नसेल तर ते माझं इमानच नाही. असा माणूस. त्या चार-पाच दिवसांत तो मला आवडायला लागला होता का? — बहुतेक हो. आणि ते ध्यानात आल्यावर मी आणखीच पेटलो.

शेवटी राहिला शेपटीवरचा नंबर. नानानं तो एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर चाचपडत लिहून दिला होता. चार आकडे, मराठीत. शेवटचा एक. विमानावर मात्र इंग्रजीत काढायचे होते.

आता तुम्ही म्हणाल, इथे घोळ झाला असेल. मराठी १ आणि इंग्रजी 9, लांबून सख्खे भाऊ. होऊ शकतो घोळ — दुसऱ्या कोणाचा. मी नंबरप्लेटांवर पोट भरत होतो. अख्ख्या शहापुरात या दोन आकड्यांतला फरक माझ्याइतका कोणाला कळत नव्हता. मी तीन आकडे काढले, ब्रश पुसला, आणि चौथा नऊ काढला.  फार देखणा आला तो नऊ.

का काढला? ज्याला उलटा झेंडा एका नजरेत दिसतो, त्याच्या इमानावर खोटा आकडा बसावा आणि त्याला तो दिसू नये — एवढंच होतं मनात. पुढचं काही ठरवलं नव्हतं. नाना आला, विमानावरून हात फिरवत शेपटीपाशी थांबला. “वाच बरं,” म्हणाला. मी वाचून दाखवला. शेवटी ‘एक’ वाचला. त्यानं समाधानानं मान हलवली आणि डोळे पुसले.

वर्धापनदिनाला पाहुणे म्हणून विमानदलातलेच एक निवृत्त अधिकारी कल्याणहून आले होते. सज्जन माणूस. नानानं माइकवर विमानाची गोष्ट सांगितली, नंबर घडाघडा म्हटला. पाहुणे कपाटाशी वाकले, चष्मा सावरला. “इथे तर शेवटी नऊ आहे,” म्हणाले. मग जरा आठवून हळूच म्हणाले की नऊचं विमान त्यांच्या चांगलं लक्षात आहे, ते लढाईच्या आधीच मोडीत निघालं होतं. “असू दे, वय झालं की होतं असं.” त्यांनी ते नानाला सांभाळून घ्यायलाच म्हटलं. पण माइक चालू होता.

मागून कोणीतरी ओरडलं, “नाना, तुमचं इमान तं भंगारातलं निघालं!”

सगळा मंडप हसला. पोरं, बाया, मास्तर. नाना माइक धरून तसाच उभा. एकदा कपाटाकडे बघे, एकदा लोकांकडे, आणि त्याला धड दोन्ही दिसत नव्हतं. मी मंडपाच्या खांबाला टेकून उभा होतो. काळजाला काय थंडावा मिळाला म्हणून सांगू! बारा वर्षांत असं वाटलं नव्हतं.

त्यानंतर गावात कोणी थाप मारली की लोक म्हणायला लागले, नानाचं इमान उडालं. हा फिटर तरी होता का, का तिकडे भांडी घासत होता, असंही निघालं. बाजू घ्यायचे एकटे माझे बाबा. “तो मानूस खोटा नाय,” म्हणून पारावर भांडून यायचे.

इथवर झालं ते रागाच्या भरात झालं, असं म्हणून मी मोकळा होऊ शकलो असतो. मी तिथे थांबलो नाही, हे सांगायला एवढा वेळ लावतोय.

आठवड्याभरानं नाना टपरीत आला. रागावलेला नव्हता. उलट काहीतरी सापडल्यासारखा आला, बाकड्यावर बसला.

“आरं, मी मराठीत लिवला व्हता ना एक? तू इंग्रजी नऊ समजलास. तसंच ना? व्हतं आसं. तुजी काय चूक नाय.”

बघा. वाट त्यानंच करून दिली. मी नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. तो सुटला असता, मीही सुटलो असतो. गावानं चार दिवस पेंटरच्या नावानं शिमगा केला असता आणि विसरलं असतं. लग्नपत्रिका माझ्या पाठीमागे खिळ्याला अडकवलेली होती. तिच्यावर एक होताच.

“नाय नाना,” मी म्हटलं. “कागद मी बघितलाच नाय. तुमी तोंडानं बोललात, नऊ काढ म्हनून.”

“मी? नऊ?”

“दोनदा बोललात.”

“आन् तू वाचलास तवा?”

“नऊच वाचला. तुमी मान हलवलीत.”

त्याचे ओठ हलत होते. नंबर पुटपुटून बघत होता, कधी शेवटी एक लावून, कधी नऊ लावून. दोन्ही त्याला सारखेच खरे वाटायला लागले असावेत. त्याच्या आत काय मोडतंय हे मला समजत होतं का? पुरतं समजत होतं. मी ब्रश धूत राहिलो. तो गेल्यावर पत्रिका स्टोव्हवर धरली.

त्यानंतर त्यानं विमानाची गोष्ट कधी सांगितली नाही. कोणी विचारलंच तर “मना आता बराबर आठवत नाय” म्हणायचा. मोतीबिंदू काढला, नजर स्वच्छ झाली, तरी तो झेंड्याला शाळेत आला नाही. दोन वर्षांनी गेला. मी खांदा दिला.

पण टपरीतल्या त्या बोलण्यानंतर, तीन-चार दिवसांनी, तो आमच्या घरी येऊन गेला होता. मी कामावर होतो. संध्याकाळी पोचलो तर बाबा दारातच उभे. नाना आला, म्हणाले, बस म्हटलं तरी बसला नाही. हात जोडले आणि म्हणाला, तुझ्या पोरावर मी संशय घेतला, चुकलो, माफ कर. ज्यानं थोबाडीत मारल्याबद्दल बारा वर्षांत एक शब्द काढला नाही, त्यानं या गोष्टीसाठी माफी मागितली.  “येवढा मोठा मानूस, माज्यापुढं हात जोडून उभा ऱ्हायला रे,” बाबा म्हणाले आणि रडायला लागले.

मी हातपाय धुतले, ताटावर बसलो. लाज वाटली? नाही. बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की भात दुसऱ्यांदा मागून घेतला. बाबांपुढे हात जोडून उभा असलेला नाना मी डोळ्यांनी पाहिलेला नाही, पण तो मी अजून मनात उभा करतो, आणि अजून मला बरं वाटतं.