शेवटच्या खांबाचे वकील

माणसाआधी त्याच्या घरातल्या बल्बची खुशाली विचारणारा इसम अख्ख्या जयपुरात एकच होता, आणि तो नेमका आमच्या शेजारी राहायचा. वीजखात्यात इंजिनिअर, मूळचे साताऱ्याकडचे. खांद्याच्या पिशवीत व्होल्टमीटर कायम. लग्नाला गेले तरी आधी मांडवातल्या प्लगात तारा खुपसायच्या, मग नवरानवरीवर अक्षता. त्या वेळी, म्हणजे साठ सालानंतर, आमचं दुर्गापुरा म्हणजे वीजतारेचं अगदी शेपूट. संध्याकाळी शहरात दिवे लागले की आमचे बल्ब निखाऱ्यासारखे लाल व्हायचे. त्यावर आमच्या या इंजिनिअर शेजाऱ्यांचा एकच इलाज होता: गोदामात पडून असलेलं छोटं डिझेल जनरेटर शेवटच्या खांबापाशी आणून जोडा. "अहो, पंगतीत तूप वरूनच वाढत आणलं तर खालच्यांना मिळणार काय? खालून दुसरा वाढपी सोडा!" नुसतं बोलून थांबतील तर ते कसले! तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या जेवणात ते खरोखरच श्रीखंडाचं पातेलं घेऊन खालच्या टोकाकडून निघाले. मधल्या सहा जणांना दोनदोनदा वाढलं गेलं आणि मंडळाच्या चिटणीसबाई महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

त्यांच्या साहेबांच्या मते मात्र जनरेटर पॉवरहाऊसच्या आवारातच शोभणारं होतं. अर्ज तीनदा परत आला.

त्या जानेवारीत आमची मुलगी दिवस भरायच्या आधीच जन्मली. एवढीशी. डॉक्टरांनी तिला लाकडी पेटीत, दोन बल्बांच्या उबेत ठेवायला सांगितलं. संध्याकाळ झाली की बल्ब मंदावत, तिचे पाय गार पडत, आणि मी नि बायको गरम पाण्याच्या बाटल्या घेऊन रडकुंडीला येत असू. शेजाऱ्यांनी हे एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता त्यांनी साहेबांना चहाला म्हणून थेट आमच्या घरी आणलं.

"साहबजी, एक बार हाथ अंदर रखिए. बस."

साहेबांनी पेटीत हात घातला. चहा तसाच राहिला. जाताना म्हणाले, "मशीन कल सुबह उठवा लो."

दोन दिवसांनी शेवटच्या खांबापाशी जनरेटर धडधडू लागलं आणि पेटीतले बल्ब पांढरेशुभ्र झाले. बायको देवासमोर न जाता शेजाऱ्यांच्याच पाया पडली. ते इतके गोंधळले, की चप्पल न घालताच घरी गेले.

वर्षभरात त्यांची बदली झाली. आभार मानू लागलो की ते डिझेलच्या गुणांवर घसरत, त्यामुळे माझे शब्द राहूनच गेले. मुलगी आता नोकरी करते. थंडीत स्कूटरवरून घरी आली, की अजूनही मी तिचा हात हातात घेऊन बघतो. गरम असतो. त्यांना एवढंच कळवायचं होतं.