सुजाताची सीट

सुजाताला नर्सिंगची सीट मिळाली होती.

गावाला वाटतं, मिळाली नाही. तिच्या आईलाही आज सकाळपर्यंत तसंच वाटत होतं.

आज तिला जाऊन वर्ष झालं. खरं काय ते लिहितो, मग जेवायला बसतो.

माझी पिठाची गिरणी आहे. शाळा दोनच इयत्ता. पुढचं वाचन खताच्या पिशव्या, दुकानांच्या पाट्या आणि रद्दी पेपरावर शिकलो. गावात कुणाला नोटीस आली की ती माझ्याकडे वाचायला येते. त्याचा मला जरा तोराच होता.

सुजाताला बाप नाही. आई कौसाबाई मजुरीला जाते. घरात साधा फोन, तोही कधी चालू, कधी बंद.

तालुक्याला, लोह्याच्या सायबर कॅफेत फॉर्म भरायला निघाली तेव्हा पोरीने विचारलं, "तात्या, तुमचा मोबाईल टाकू का? त्याच्यावर मेसेज येतो म्हणं."

"टाक की. मी कशाला हाय?"

मग रोज संध्याकाळी रानातून येताना गिरणीपाशी थांबायची.

"तात्या, आला का?"

"न्हाई गं. आला की मीच पळत येतो."

एकदा म्हणाली, "मी बघू का फोन?"

"आता तू मला शिकवणार व्हय? रोज बघून राहिलो की मी."

मेसेज इंग्रजीत आला होता.

मला इंग्रजी वाचता येत नाही. हे गावात कुणालाच माहीत नव्हतं.

लोन घ्या, रिचार्ज करा, असले इंग्रजी मेसेज ढीगभर येतात. मेमरी फुल झाली की मी सगळे एकदम डिलीट करायचो. त्यात तिचाही गेला.

तीन दिवसांत नांदेडला जाऊन कागद दाखवायचे होते. ते तिन्ही दिवस ती दुसऱ्याच्या रानात खुरपत होती.

चौथ्या दिवशी, तिच्या घरचा फोन बंद म्हणून, तिच्या मैत्रिणीचा मला फोन. "तात्या, सुजी ॲडमिशनला का आली न्हाई? लिस्टीत नाव होतं की तिचं. मुदत संपली."

मी गिरणी बंद केली. तिला बोलावून सगळं सांगितलं, मला इंग्रजी येत नाही हेही.

ती पिठाच्या डब्यावर बसली. मग म्हणाली, "मला दाखवला असता तर, तात्या?"

एवढंच.

जाताना दारात थांबली. "आईला सांगू नका. ती तुमच्या दारात येऊन गाव गोळा करंल. मी सांगते, नाव लागलं न्हाई म्हणून. पुढच्या वर्षी भरू. तवर तुम्ही एबीसीडी शिका."

घरी तसंच सांगितलं तिनं.

दळणाला आलेल्या बाया तिला म्हणायच्या, "लई हुशार म्हणत होते, मग काय झालं गं?" ती माझ्यासमोर ऐकून घ्यायची. मी खाली मान घालून दळत राहायचो.

पुढचं वर्ष आलंच नाही.

सोयाबीन काढायला गेली होती. दुपारी आभाळ भरून आलं आणि वीज पडली. तिघी होत्या. दोघी वाचल्या.

त्या वेळी नांदेडला तिच्या वर्गात तास चालू असणार.

लोक म्हणतात, नशीब. वर्गात बसलेल्या पोरीवर शेतात वीज पडत नाही.

मार्क होते. सगळे कागद होते. घरात एक धड फोन नव्हता, आणि भरवसा माझ्यावर होता.

आज सकाळी सुजाताच्या घरी, बुद्धवंदनेच्या आधी कौसाबाईला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. वाटलं, चप्पल काढेल. काढायला पाहिजे होती.

तिनं विचारलं, "म्हंजी नाव आलतं?"

"आलतं."

"कॉलेजात?"

"व्हय. नांदेडच्या."

ती उठली. आत बसलेल्या बायांपुढे जाऊन उभी राहिली. "बायांनो, माझ्या सुजीचं नाव आलतं. कॉलेजात आलतं. आता कुणी न्हाई म्हणू नका."

माझं नाव तिनं घेतलं नाही.

ते मी इथं घेतो. चूक तात्याची होती.

सुजाता, पोरी, तुला अखेरचा जय भीम.