पिशवीतली जादा पँट

एका दिवसात गोवा होतं. रात्रीच्या बसने गेलं की हॉटेलचा खर्च नाही. सकाळी पणजीच्या स्टँडवर आंघोळी, दुपारी मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर, संध्याकाळी थोडा समुद्र आणि परतीची बस. बोटीचं दुपारचं तिकीट रात्रीपेक्षा बरंच स्वस्त असतं आणि जेवण त्यातच. सगळं मीच ठरवलं होतं. माणसं सहा: मी, नवरा, मुलीचे सासू-सासरे, माझी नणंद आणि तिचे यजमान. या शेवटच्या गृहस्थांना, म्हणजे आमच्या भाऊजींना, मी आग्रहाने बोलावलं होतं. त्यांची फजिती व्हावी आणि ती विहीणबाईंसमोर व्हावी, एवढीच माझी इच्छा होती. कशी होईल ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

कारण मुलीच्या लग्नातलं. विहिणीची पंगत चालली होती. विहीणबाई मानाने बसल्या होत्या, मी वाढत होते, आणि भाऊजींना माझी त्या दिवसाची यादी कुठेतरी सापडली. त्यांनी माईक घेतला आणि माझा आवाज काढून ती वाचायला सुरुवात केली. ‘विहीणबाईंचे गुडघे दुखतात. पाट नको, खुर्ची. कोणाला कळू न देता.’ हॉल हसला. विहीणबाईंनी पदर सारखा केला आणि पानाकडे बघत राहिल्या. मग शेवटची ओळ. ‘पाठवणीच्या वेळी रडायचं नाही. फारच वाटलं तर भांडी मोजायला जायचं.’ यावर माझी मुलगीसुद्धा हसली. पाठवणीच्या वेळी मी खरंच भांडी मोजायला गेले. परत आले तेव्हा गाडी निघून गेली होती. त्या दिवसापासून भाऊजी मला यादीबाई म्हणतात.

निघायच्या आधी सगळे आमच्याकडे कोथरूडला चहाला आले, तेव्हा मी स्पष्ट सांगितलं होतं, “बोटीवर पुरुषांना फुल पँट आणि बूट लागतात. नाहीतर आत घेत नाहीत.”

“यादीबाई, आपण समुद्रावर चाललोय, सत्यनारायणाला नाही,” भाऊजी म्हणाले.

बस पकडायला ते गुडघ्यापर्यंतच्या फुलाफुलांच्या बर्मुड्यात आणि खाली बूट घालून आले. हात मोकळे. “एका दिवसाला पिशवी कशाला?” असं वर मलाच ऐकवलं. मी त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, “उलटीची गोळी घेतलीत ना?” बाकी काही बोलले नाही.

पणजीच्या धक्क्यावर तिकिटं दाखवून आम्ही एकेक पुढे सरकलो. भाऊजींपाशी पोरगेलासा गणवेशवाला थांबला. “सर, शॉर्ट्स में एंट्री नहीं है.”

“ऐसा किधर लिखा है?”

त्याने त्यांच्या पाठीमागच्या बोर्डाकडे बोट दाखवलं.

“हम पुणे से आया है,” भाऊजी म्हणाले. याचा त्याच्यावर काही परिणाम झाला नाही.

मग ते बाजारात पँट घ्यायला निघाले आणि घामाघूम होऊन परत आले. “सगळी दुकानं बंद! भरदुपारी! धंदा करायचाय की नाही या लोकांना?” नारायण पेठेतलं स्वतःचं वह्या-पेनांचं दुकान हे गृहस्थ आयुष्यभर एक ते चार बंद ठेवत आलेत. तेव्हा आलेल्या गिऱ्हाइकाला ‘झोप कळते का?’ असं विचारल्याचं कौतुकाने सांगतात.

माझ्या पिशवीत नवऱ्याची जादा पँट होती. हा माणूस कुठेही सांडतो, म्हणून प्रत्येक सहलीला मी ती घेतेच. नवऱ्याने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “अगं, आपल्या…”

“पाणी हवंय का?” मी विचारलं.

“मग तू पण थांब माझ्याबरोबर,” भाऊजी नणंदेला म्हणाले.

“मी का थांबू? मी साडी नेसलेय,” ती म्हणाली आणि बोटीवर नेणाऱ्या होडीत सर्वांत आधी चढली.

बोटीवर छान गार होतं. विहीणबाईंना जुगाराच्या चक्राच्या टेबलापाशी उंच खुर्ची मिळाली आणि त्या तिथून उठेनात. नणंद मशीनची बटणं दाबत लहान मुलीसारखी ओरडत होती. मी ताट घेऊन धक्का दिसेल अशी खिडकी शोधली. भाऊजी उन्हातल्या बाकावर बसले होते. येणारा-जाणारा त्यांचे गुडघे बघत होता. मी कॅरॅमल पुडिंग दोनदा घेतलं.

“द्यायला हवी होतीस,” नवरा हळूच म्हणाला.

“त्यांना बसली नसती.”

“इलॅस्टिकची आहे.”

“जेव तू.”

आम्ही परत धक्क्यावर उतरलो तेव्हा भाऊजी लाल झाले होते. राग काढला तो बायकोवर. “घरच्या बाईला एवढं सुचू नये? एक जादा पँट टाकता आली नाही?” नणंदेचा चेहरा उतरला. मघाचा सगळा आनंद गेला.

“मी आणली होती,” मी म्हणाले. “या पिशवीत आहे.”

“मग दिली का नाही, वहिनी?” भाऊजींनी विचारलं.

“विहिणीची पंगत आठवते ना? माईक? त्यासाठी नाही दिली.”

व्याही पाण्याकडे बघू लागले. भाऊजींनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. विहीणबाई मात्र माझ्याजवळ आल्या, माझ्या दंडाचा आधार घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “चला हो विहीणबाई. माझे गुडघे दुखतायत, जरा सावकाश चालू.”

आम्ही दोघी पुढे निघालो. घरी गेल्यावर मला वाईट वाटेल, असं नवऱ्याला वाटत होतं. तो अजून वाट बघतोय.