करवत गुणिले चार

हां, तर ते कोडं सुतारमामांनी कागदावर नाही, प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीनं उतरवलं आणि कारखान्यात रंध्याशेजारी उभं करून ठेवलं. ‘करवत गुणिले चार बरोबर तवरक.’ प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा, वेगळ्या अक्षराला वेगळा आकडा, आणि चारानं गुणलं की तोच शब्द उलटा. शोधा आता!

घातलं होतं प्रशिक्षण केंद्राच्या प्राचार्यांनी. तिथं सुतारकाम शिकवायला माणूस हवा होता आणि चाळीस वर्षं दारं-खिडक्या बसवलेल्या मामांचा त्या जागेवर जीव अडकला होता. पण शाळा सुटली चौथीत! प्राचार्य म्हणाले, “हात सोन्याचा आहे हो तुमचा, पण इथं फळ्यावर समजावून सांगावं लागतं. हे शुक्रवारी उलगडून दाखवा, मग जागा तुमची. मदत कुणाचीही घ्या, बोलायचं मात्र तुम्ही.”

घरी मामींनी तो तुकडा निरखला. “तवरक म्हणजे काय हो?”

“करवत उलटी धरली की होतं ते.”

“मग सरळ धरा की!”

शेवटी लेकीनं त्यांना मोबाइलवर कोडी सोडवणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये घातलं. मामांनी प्लायचा फोटो टाकून खाली लिहिलं, ‘मी सुतार. करवत चालवता येते, गुणता येत नाही.’

चहा निवायच्या आत उत्तरं! कुठल्याशा दवाखान्यातली नर्स म्हणाली, “काका, क तीन धरला तर उत्तर पाच आकडी होईल. म्हणजे एक किंवा दोन. पण उत्तराच्या शेवटीही क आहे, आणि चौपट कधी विषम येत नाही. म्हणून दोन.” एक बस कंडक्टर लगेच मध्ये घुसला. “मग त आठ किंवा नऊ. नऊ चोक छत्तीस, शेवटी दोन नाही. आठ चोक बत्तीस, आला दोन! आणि र शून्य नाहीतर एकच. दोन तर कचा, आणि त्याहून मोठा धरला तर त आठ राहत नाही.”

मामा खूश. चौकटीचे दोन्ही उभे पक्के झाले, मधलं काय, ठोकून बसवू! त्यांनी र शून्य धरला. पाच चोक वीस, शेवटी शून्य, म्हणून व पाच. दोन हजार अठ्ठावन्न. गुणले, तर आले आठ हजार दोनशे बत्तीस. जुळेना. दोन दिवस तेच पुन्हा पुन्हा, अगदी डोकं किसून निघालं. गुरुवारी दुपारी लाज गुंडाळून ठेवून त्यांनी तो हिशेब ग्रुपवर टाकला.

नर्सनं विचारलं, “काका, बत्तीसातले हातचे तीन कुणी खाल्ले?”

मामांनी कपाळावर हात मारला. अहो, करवत कापताना आपल्या जाडीइतकं लाकूड खाते. ते मापात न धरणाऱ्या शिकाऊला मामा चाळीस वर्षं झापत आले, आणि इथं स्वतःच फळी आखूड कापून बसले होते!

शुक्रवारी त्यांनी खरीखुरी करवत फळ्याच्या खिळ्याला टांगली आणि सुरुवात केली. टोकं कशी पक्की केली ते सांगितलं, मग दात्यांवर बोट ठेवून म्हणाले, “ही जे खाते ते धरायचं. वची चौपट सम, त्यात हातचे तीन, बेरीज विषम. म्हणून र शून्य नाही, एक. म्हणजे चौपटीच्या शेवटी आठ हवा, तर व दोन किंवा सात. दोन कनं घेतलाय, उरला सात.” खडू कडकन मोडला, पण आकडे उमटले. दोन हजार एकशे अठ्ठ्याहत्तर चोक आठ हजार सातशे बारा!

प्राचार्यांनी दोनदा गुणून पाहिलं. मग खुर्ची सरकवून उठले आणि हात पुढे केला. “गणित मला येत होतं, पण हातचा इतका नीट मला कुणी समजावला नव्हता. कधीपासून येता?”

मामा म्हणाले, “येतो कसला, आलोय की! फळा पुसू नका, वर्ग बसवा.”