नकाशावरची निळी विहीर

त्या विहिरीचा विषय निघाला की या वयातही मी उठून आत जाते. पन्नासच्या दशकात मी वाशीमच्या ठाण्यात नवी शिपाई होते. काम आरोपी बायकांची झडती घेण्याचं, तोरा मात्र फौजदाराचा.

एका सकाळी मंगरूळपीरकडची एक आई आली. तिची लेक वाशीमजवळच्या खेड्यात दिलेली.

"पोरगी वावरातल्या इहिरीवर पान्याले गेली, आलीच नाई. सासरचे म्हनतेत रेल्वेत बसून पयाली. अन् आता तथी इहीरच नव्हती म्हनून राह्यले."

फौजदारसाहेबांनी गावात जबाब घेतले. सासरा, शेजारी, गडी, सगळ्यांचं एकच वाक्य, "तथी इहीर कधीच नव्हती, साहेब."

मी शहाणी लगेच म्हणाले, "म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय."

साहेब म्हणाले, "बाई, खरं बोलणारे इतकं सारखं बोलत नाहीत."

ठाण्यात सर्व्हे खात्याचा नकाशा होता. वाशीमचं स्टेशन, रुळांची काळी रेघ, भोवतीची शेतं आणि विहिरींचे निळे ठिपके. सासऱ्याच्या शेतात, नाल्याच्या वळणावर, एक ठिपका होताच.

पंच, सासरा आणि त्याचा गडी यांना घेऊन आम्ही निघालो. नकाशा मी धरला, तोही उलटा. भर उन्हात सगळ्यांना नाल्याच्या भलत्याच काठाला नेलं. सासरा खुलला. "बाईले चूलच बरी," म्हणाला. साहेबांनी माझ्या हातातला नकाशा फिरवला आणि पलीकडे बोट केलं. सासऱ्याचं हसू तिथंच गेलं.

पलीकडची जमीन सपाट, नुकती वखरलेली. साहेबांनी गड्याच्या हाती कुदळ दिली. त्यानं ती खाली ठेवली आणि मातीत बसला.

"मालकानं बुजवाले लावली, बाई. माती वाह्याले गावातल्या साऱ्या बैलबंड्या होत्या. काहून म्हनून कोनी इचारलं नाई. भेव लागे."

मी मनात म्हणत होते, इथं काही सापडू नये. दुसऱ्या दिवशी विहिरीच्या तळाशी ती पोरगी सापडली. पंचनामा होईपर्यंत आई बांधावर उभी होती. मग गड्याजवळ आली.

"माती टाकली तवा जित्ती होती का रे माही पोरगी?"

त्यानं तिचे पाय धरले. डॉक्टरांनाही ते सांगता आलं नाही.

पुढं अनेक खुनी पाहिले. त्यांची भीती ओसरते. पण विहीर एकट्याला बुजवता येत नाही. मला अजून भीती वाटते ती, का ते न विचारता बंड्या जुंपणाऱ्या साध्या माणसांची.