नालबंद अबनर

टेक्सासच्या त्या किल्ल्यावर, काळ्या शिपायांच्या घोडदळात, अबनर पेटिग्रूच्या तोडीचा नालबंद नव्हता. तेच कौशल्य त्याची बेडी झालं. गुलामीत विकली गेलेली आई त्याला सहा वर्षांच्या शोधानंतर लुइझियानात सापडली होती आणि आता ती अंथरुणाला खिळली होती. त्याने तिसऱ्यांदा रजा मागितली, तेव्हा गोरा कॅप्टन म्हणाला, "तू गेलास तर माझे घोडे लंगडतील."

"मग लंगडू दे की एखादा!" त्याचा दोस्त लुशियस तंबाखू थुंकत म्हणाला. "एक खिळा जरा आत, खुराच्या मांसात मार. अबनरच्या हातातलं कसब गेलं म्हणतील, नि स्वतःच धाडतील तुला घरी."

दुसऱ्या दिवशी तुकडी गस्तीला निघायची होती. वाटेत साठ मैल पाणी नव्हतं; तिथे घोडा लंगडला तर स्वाराच्या जिवावर बेतणार होतं. अबनरने लुशियसच्याच घोडीचा खूर मांडीवर घेतला, खिळा किंचित आत कलवला आणि हातोडी उचलली.

"ए बाबा, माझ्या घोडीला नको हं!" लुशियस घाबरून हसला. "दुसऱ्या कुणाच्या तरी!"

"कुणाच्या? नाव सांग."

लुशियसने रांगेतल्या घोड्यांवरून नजर फिरवली. त्याला एकही नाव घेववेना.

अबनरने खिळा सरळ केला, ठोकला आणि पुढचा घोडा मागवला.