मासळीवाली कोणाकडे आली?

नोकरी सोडून मी स्वतःचं ॲप बनवायला बसले, त्याला आमच्या सानपाड्याच्या सोसायटीचे सेक्रेटरी कारणीभूत. गेटवर कोण आलं आणि कोणाकडे आलं, हे त्यांना मोबाइलवर बघायचं होतं. आधी मी बाजारातली तयार ॲप्स फुकटात वापरून बघितली. सगळ्यांचं नमनालाच घडाभर तेल! कंपनीचं नाव सांगा, माणसं किती ते सांगा, खातं उघडा, आणि एवढं करून आमच्या वॉचमनला न वाचता येणारं इंग्रजी. वैतागून म्हटलं, मीच करते. आमच्याकडे जमलं की शेजारची सोसायटीही घेणार होती. नोकरी सोडलेलीला गिऱ्हाईक हवंच होतं.

सुरुवात झकास झाली. वॉचमन गेटवर नाव टाकायचा, ज्याच्याकडे पाहुणा त्याच्या फोनवर प्रश्न जायचा, तो 'येऊ द्या' दाबायचा. कुरिअरवाले, प्लंबर, सगळे मुकाट आत यायला लागले. मग दिवाळे गावच्या कोळीवाड्यातून मासळीवाली मावशी आली.

"कोणाकडं आलाव?" वॉचमननं विचारलं.

"कोनाकडं म्हंजे? सगल्यांकडं!"

सगळ्यांकडे आलेलं माणूस माझ्या ॲपला चालत नव्हतं. त्याला एकच फ्लॅट हवा होता. मावशी कित्येक वर्षं जिन्याखाली पाटी उतरवून एक हाक मारायची आणि बायका पिशव्या घेऊन उतरायच्या. आता तिला आत कोणी बोलावलं ते अख्ख्या सोसायटीला दिसणार, कारण सेक्रेटरींनी हट्टानं तशी सोय करून घेतली होती. मग काय विचारता! खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. लिफ्टला वास येतो म्हणून मीटिंगमध्ये ओरडणारे आणि खाली येऊन पापलेटं निवडणारे, तेच ते लोक, फोन खिशात घालून गप्प. वॉचमननं तिच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांचे फ्लॅट एकेक करून टाकले, पण एकानंही 'येऊ द्या' दाबलं नाही. मावशी गेटवरून परत गेली. दुसऱ्या दिवशीही तेच.

आई माझ्यावर उखडली. बाबा गेल्यापासून ती दिवसभर एकटीच असते; मी घरात असले तरी लॅपटॉपमध्ये. पाटी रिकामी झाली की मावशी आमच्या दारात टेकायची, चहा प्यायची, आणि दोघी सांधेदुखीपासून दुसऱ्यांच्या सुनांपर्यंत सगळं बोलायच्या. आईला दिवसभरात तेवढीच सोबत होती. "त्या मेल्या मशीनपायी माझं माणूस तुटलं," ती म्हणाली. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडते. तशीच सेक्रेटरींकडे गेले.

"काका, 'सगळ्यांकडे' असं एक बटण टाकते."

"अजिबात नाही. उद्या चोर पण म्हणेल, सगळ्यांकडे आलोय. सिक्युरिटीचं टेन्शन कोण घेणार, तू?"

"मग रोज आमचा फ्लॅट टाका."

"रविवारी शेजारची कमिटी ॲप बघायला येतेय. तोवर मासळी नको. पुढचं पुढे बघू."

मी मान्य केलं. मला ते गिऱ्हाईक सोडवत नव्हतं. घरी आईनं माझ्याशी बोलणं टाकलं.

रविवारी सोसायटीच्या ऑफिसात दोन्ही कमिट्या भिंतीवरच्या टीव्हीसमोर बसल्या. टीव्हीला माझा फोन जोडलेला. मी कुरिअरचं उदाहरण दाखवत होते, तेवढ्यात गेटवरून आईचा आवाज आला. ती कधी खाली उतरून मावशीशेजारी उभी राहिली देव जाणे.

"हिला आत घेत नाहीस ना? मग मीही बाहेरचीच. टाक दोघींची नावं!"

"काकू, तुमी तर हितंच ऱ्हाता."

"टाक म्हणते ना! मासळीवाली आणि आई!"

वॉचमननं टाकलं. आईकडे मोबाइल नाही, त्यामुळे ॲपच्या हिशेबी ती आमच्या घरात राहतच नव्हती. टीव्हीवर मोठ्या अक्षरात प्रश्न उमटला: 'तुमच्याकडे दोन पाहुण्या आल्या आहेत. मासळीवाली आणि आई. येऊ द्यायचं का?'

कोणीतरी फिसकन हसलं. सेक्रेटरी दबक्या आवाजात म्हणाले, "नको दाब, नंतर बघू." त्या क्षणी मला त्यांचा, ॲपचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा भयंकर राग आला. मी 'येऊ द्या' दाबलं.

मीटिंगचा तमाशा केलास, असं ऐकून घेऊन मी वर आले. गिऱ्हाईक गेलं होतं. दारात दोघी चहा पीत बसल्या होत्या, रिकामी पाटी बाजूला. आत जायला वाटच नव्हती.

आईनं बशीतून वर न बघताच विचारलं, "तू कोणाकडे आलीस?"